ड्रेन कॉक मी का काढून टाकत नाही

"इंजिन धावतच नाही, तर त्यावर एवढे बारीक काम कशासाठी?" आमच्या ठाण्याच्या घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचे सविस्तर उत्तर देतो.

इंजिन म्हणजे भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाचे १:८७ प्रमाणातले मॉडेल, आणि ते धावत नाही हे खरे नाही. सरळ रुळावर ते उत्तम धावते. अडते ते वळणावर, सिलिंडरखालच्या ड्रेन कॉकच्या, म्हणजे पाणी सोडायच्या तोट्यांच्या, नळ्यांमुळे. खरे इंजिन उभे असले की थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे तशाच स्थितीत पिस्टन रेटला तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून निघताना ड्रायव्हर हे कॉक उघडतो. गाडी सुटताना पुढच्या चाकांजवळून फुसकारणारा पांढरा लोट तो हाच. ज्याच्याविना खऱ्या इंजिनाने जागचे हलू नये, त्यानेच माझे अडते, यातला विनोद मला कळतो. तो पुन्हा समजावून सांगण्याची गरज नाही.

या नळ्या मी ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेच्या केल्या. तार सुईभोवती वाकवायची, पट्टीतल्या भोकात बसवायची आणि डाख देताना शेजारचा आधीचा डाख वितळू नये म्हणून त्यावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवायचा. श्वास सोडला तरी तार हलते.

पुढे सोसायटीच्या गणपतीत १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासी गाडीचा देखावा करायचे ठरले आणि कमिटीने माझे इंजिन मागितले. डब्ल्यूपी १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आले, म्हणून ते त्या देखाव्यात शोभणारे नव्हते. हे मी सांगितले, पण कोणी मनावर घेतले नाही. टेबलावर ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या तयार वळणांचा रूळ मांडलेला होता. आरती झाली, मुले पुढे सरकली, इंजिन सरळ भाग डौलात पार करून वळणावर शिरले आणि थांबले. पुढची लहान चाके वळणावर बाहेर सरकतात. त्यांतले एक पितळी नळीला टेकले, शॉर्ट सर्किट झाले आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. मागे घेऊन पुन्हा सोडले, पुन्हा तेच. मुले हसली, ते ठीक, पण सेक्रेटरी पक्कड घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, या दोन तारा तोडून टाका ना, कोणाला दिसतायत?" मी इंजिन उचलले आणि पेटीत ठेवले. दहाही दिवस खेळण्यातली प्लॅस्टिकची गाडी त्या रुळावर फिरली, आणि ती सर्वांना आवडली.

त्या संध्याकाळी मी उगाच ताठा दाखवला, असे घरचे म्हणतात. असेलही. पण हिशेब पाहा. आपल्या ब्रॉडगेजवर कमाल दहा अंशांचे वळण चालते, म्हणजे साधारण १७५ मीटर त्रिज्या. १:८७ मध्ये ती दोन मीटर होते आणि पूर्ण वर्तुळाला चार मीटर जागा लागते. टेबलावरचे वळण खऱ्या मापात जेमतेम चाळीस मीटरचे होते. तिथे खोटे वळण होते, नळ्या नव्हे.

हा युक्तिवाद मला पूर्वी पटला नसता, हेही कबूल करतो. छंदाच्या आरंभी मी काचेमागच्या इंजिनांना शोपीस म्हणून नाक मुरडत असे, आणि धावणे हाच इंजिनाचा धर्म असे ठासून सांगत असे. त्या वेळच्या मला आज काय सांगावे, ते सुचत नाही. तो चुकत होता असेही म्हणवत नाही, कारण चार मीटरचे वर्तुळ मावेल असा हॉल ठाण्यात कितीजणांकडे आहे?

नळ्या नायलॉनच्या केल्या तर शॉर्ट होणार नाही, पण चाक अडखळून रुळावरून उतरेल. सिलिंडरला भोके पाडून खोचता-काढता येतील अशाही करता येतील. पण मग धावताना, म्हणजे नेमक्या हव्या त्या वेळी, त्या जागेवर नसतील. यंदा कमिटीने पुन्हा विचारले आहे. मी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही.