ताई, ओरिजनल आहे

रविवार, रात्री साडेअकरा

शेवटी आज टेबल लॅम्प आणला. महिनाभर खोलीतल्या ट्यूबलाइटखाली प्रुफं तपासतेय आणि माझ्याच डोक्याची सावली पानावर पडतेय. परवा पान ८७ वर एक अनुस्वार सुटला, तो प्रकाशकांनी पकडला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणजे झालं असेल, पण कुणी पकडलं नव्हतं.

आधी नवे लॅम्प पाहिले. सगळे पांढरे प्लास्टिकचे, बोट लावलं की पेटणारे, बुडाशी मोबाइल चार्ज करायची सोय. मला मोबाइल टेबलापासून लांब हवाय, म्हणून सकाळी सरळ पुण्याचा जुना बाजार गाठला. बुधवारी आणि रविवारी भरतो हे लहानपणापासून माहीत, पण जाणं होत नाही. नटबोल्टचे ढीग, बंद पडलेली घड्याळं, दाते झिजलेल्या पान्यांची रास, आणि त्यात हा उभा होता. पितळी खांब, वर आडवी हिरव्या काचेची शेड, खाली लोंबणारी साखळी ओढली की चालू-बंद. जुन्या इंग्रजी सिनेमात वकिलाच्या टेबलावर असतो ना, तसाच.

"ताई, ओरिजनल आहे. कॅम्पातल्या पारशाच्या बंगल्यातला."

जुन्या बाजारात प्रत्येक बरी वस्तू पारशाच्या बंगल्यातूनच येते. हिशोब केला तर कॅम्पात पारशांपेक्षा लॅम्प जास्त निघतील. बावीसशे सांगितले, चौदाशेला आणला. पेटवून बघायला हवा होता, पण भर उन्हात रस्त्यावर प्लग कुठे लावणार?

नवरा "छान आहे" म्हणाला. तो सगळ्यालाच म्हणतो.

सोमवार

संध्याकाळी लावला. भिंत हिरवी झाली. शेजारी आई जप करत बसल्या होत्या, त्याही हिरव्या झाल्या.

मग जरा वाचत बसले. या लॅम्पची मूळ जात अमेरिकेतली, एमरलाइट. हॅरिसन मॅकफॅडिन नावाच्या माणसाने १९०९ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्या काचेला बाहेरून हिरवा आणि आतून दुधी पांढरा असे दोन थर असतात. पांढरा थर उजेड खाली कागदावर ढकलतो, हिरवा वरची तिरीप मऊ करतो. माझ्या काचेला एकच थर, बाटलीच्या काचेसारखा. शिवाय होल्डर आडवा. जुना तारेचा बल्ब चहूकडे उजेड टाकायचा, तेव्हा आडवा असला तरी चालायचं. एलईडी बल्बचं अर्धं अंग प्लास्टिकचं, त्याचा उजेड बराचसा तोंडाच्या दिशेने जातो. त्यामुळे कागद राहिला बाजूला आणि कपाटाचं कुलूप लख्ख उजळलं. बल्बचं टोक शेडबाहेर येऊन डोळ्यात घुसत होतं ते वेगळंच.

शंका आली म्हणून फ्रिजवरचा अष्टविनायकाचा चुंबक आणला. पितळेला चुंबक लागत नाही. ओझरचा विघ्नेश्वर टपकन जाऊन खांबाला चिकटला. लोखंडावर पितळी मुलामा! चौदाशे रुपये.

आई सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, ज्योत डोळ्याला दिसली की अक्षर दिसत नाही. आम्ही कंदिलाच्या काचेला पोस्टकार्ड लावायचो." म्हणजे कसं, तर काचेच्या वरच्या तारेत पोस्टकार्ड खोचायचं, आपल्या बाजूने. ज्योत झाकली जाते, खाली वहीवर उजेड पडतो. दोन भावंडं समोरासमोर बसली की कार्ड कुणाच्या बाजूला यावरून भांडण. कार्ड तापून तपकिरी व्हायचं, मग दुसरं. एकदा मामाचं आलेलं पत्रच वाचायच्या आधी खोचलं गेलं आणि अर्धा मजकूर करपला. मामा कधी येणार ते त्या अर्ध्यात होतं.

मला दुकानात कुणी एवढं सांगितलं नव्हतं.

बुधवार

पुन्हा जुना बाजार. या वेळी पिशवीत चुंबक आणि बल्ब दोन्ही. काल खुर्चीत बसून जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचं अंतरही मोजून ठेवलं, ४५ इंच. टेबल ३०. म्हणजे शेडची खालची कड टेबलापासून १५ इंचांच्या आतच हवी, नाहीतर बल्ब दिसणार.

दोन चांगले पाहिले आणि सोडले. एकाची चिनी मातीची फुलदाणी सुरेख होती, पण शेड फाटकी, आणि त्या मापाची नवी करायला लॅम्पपेक्षा जास्त पैसे गेले असते. दुसरा अस्सल पितळी, नुसता जड, मान वळत नव्हती.

घेतला तो कुणी बघतही नव्हतं असा. काळा, तेलकट, दोन दांड्या, बुडाशी स्प्रिंगा, खोल अ‍ॅल्युमिनियमची शेड आतून पांढरी. विकणाऱ्याने पारशाचं नाव काढलं नाही. "लेथवरचा आहे," म्हणाला. भोसरीच्या एखाद्या कारखान्यातला असावा. याचं घराणं इंग्लंडचं. मोटारींच्या स्प्रिंगांचं काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन या इंजिनियरने १९३२ साली पेटंट घेतलं ते अँगलपॉइज. स्प्रिंगांनी वजन असं तोलायचं की डोकं जिथे सोडाल तिथे थांबतं, स्क्रू आवळायला नको. माझा अर्थात देशी नक्कल, कुठे नाव-गाव नाही. पण एका बोटाने खाली ओढला आणि सोडला, तर जिथल्या तिथे थांबला. पाचशे रुपये, घासाघीस केलीच नाही.

शुक्रवार

काल गुरुवार, दिवसभर लाइट नव्हती, म्हणून वायरमनकडे आज गेले. त्याने बूड उघडून दाखवलं. सुती विणीची वायर बाहेरून देखणी, पण आतलं रबर शिळ्या बिस्किटासारखं. चिमटीत धरलं तर भुगा पडला आणि उघडी तांब्याची तार दिसली. आहे तसाच प्लगमध्ये लावला असता तर?

"मॅडम, आणि दोनच तारा आहेत. बॉडी लोखंडी. अर्थिंग पाहिजे." मग तपकीर गल्लीत जाऊन तीन तारांची साधी काळी वायर, तीन पिनांचा प्लग आणि पितळी पिन होल्डर आणला. त्याने तिसरी तार बुडाला स्क्रूने घट्ट आवळली, टेस्टर लावून बघितला, साडेतीनशे घेतले. जुनी वायर मी मागून घेतली. ती का, हे नवऱ्याने विचारलं, मला सांगता आलं नाही.

शनिवार

बुडाला तीन भोकं, म्हणजे हा कुठेतरी आवळूनच बसवायला हवा. सासऱ्यांच्या सागवानी टेबलाला भोकं पाडायची माझी हिंमत नाही. आईंनी माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणचा छोटा पाट काढून दिला. "यावर आता कोण बसतंय?" पाटावर लॅम्प आवळला.

आधी ६५०० केल्विनचा पांढरा बल्ब लावला, कागद निळसर झाला आणि दवाखान्यात बसल्यासारखं वाटायला लागलं. मग ३००० केल्विनचा पिवळसर लावला, ९ वॉटचा. शेड खोल आणि तोंड खाली, त्यामुळे एलईडीचा जो दोष हिरव्या लॅम्पमध्ये होता तोच इथे कामाला आला, सगळा उजेड पानावर. मान खाली ओढली, कड भुवयांच्या खाली आणली. बल्ब दिसेनासा झाला.

रफार दिसले. त्यांच्या शेपट्यासुद्धा. पान ११२ वर एका 'कर्ते'चा रफार पुढच्या अक्षरावर सरकलाय. तेलाचा वास अजून येतो, गरम झाल्यावर जरा जास्त.

रविवार

हिरवा लॅम्प घेऊन जुन्या बाजारात गेले. तोच माणूस, तीच जागा. मला त्याने ओळखलं नाही. लॅम्प हातात घेतला, उलटा केला, काचेवर टिचकी मारली, खांबावर नखाने ओरखडून पाहिलं. दोनशे देतो म्हणाला.

मी म्हटलं, अहो, पारशाच्या बंगल्यातला आहे.

"नाही ताई," तो म्हणाला, "हा ओरिजनल नाही वाटत."