आमदार साहेब माझ्या गाळ्यात तासभर बसले त्या दिवसाची गोष्ट

मी बँकमित्र आहे, म्हणजे गावातलं ते छोटं बँकेचं टेबल असतं ना, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, पावतीचा प्रिंटर आणि कुलूप लावलेला गल्ला, ते माझं. मराठवाड्यातलं गाव, बँकेची शाखा तालुक्याला, त्यामुळे आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची बरीच माणसं माझ्याकडंच पैसे काढतात. त्यातले निम्म्याहून जास्त निराधारवाले. संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, विधवा पेन्शन. कागदावर नाव काहीही असो, गावात सगळे त्याला पगारच म्हणतात. सकाळी शटर उघडायच्या आधीच दोघं-चौघं पायरीवर बसलेले असतात आणि प्रश्न एकच, "आला का रं पगार?"

मागं आमच्या गावच्या शाळेत एक शिबिर होतं, योजनांची मंजुरीपत्रं वाटायची, नवीन अर्ज घ्यायचे वगैरे. आमदार साहेब आले होते, मंत्री पण यायचे होते. साहेबांचं भाषण झालं. माणूस वाईट नाही बरं का, मी आधीच सांगतो, अडीअडचणीला फोन उचलतो, रात्री दवाखान्यात बेड पाहिजे असेल तर माणूस पाठवतो. पण भाषणात म्हणाले की आधी सहाशे होते, मग हजार केले, जुलै 2023 पासून पंधराशे केले, वरून रेशन फुकट, सरकारी दवाखान्यात औषध फुकट, मग एकट्या म्हाताऱ्या माणसाला लागतं किती? आता कोणी उपाशी राहणार नाही. टाळ्या पण पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकांनीच वाजवल्या, ज्या आदल्या दिवशी माझ्याकडून रिकाम्या हातानं परत गेल्या होत्या.

मग मंत्र्यांची गाडी लांबली आणि पाऊस सुरू झाला. शाळेचे पत्रे असे वाजत होते की आत बोललेलं ऐकू येईना, म्हणून सरपंच साहेबांना घेऊन माझ्या गाळ्यात आले, इथं इन्व्हर्टर आहे, पंखा चालतो. साहेब खुर्चीवर बसले, चहा आला, आणि म्हणाले तुझं काम चालू दे, मी बघतो. आता पायरीवर माणसं होतीच. मी पण म्हटलं बघू द्या.

पहिली आली ती वरच्या वस्तीवरची आजी, पंचाहत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. मशीनवर अंगठा ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताला रेषा राहत नाहीत, हे मशीनवाल्यांना कोण सांगणार. अशा वेळी आम्ही बोट डोक्याच्या केसांवर घासायला सांगतो, तेलानं थोडा ठसा उठतो. तसं केलं, तरी नाही. मग एकेक बोट करत करत करंगळीशेजारचं बोट लागलं. बॅलन्स आला 12 रुपये.

आजी म्हणाली, "बघा की साहेब, चार महिने झाले, माझंच नाव कापलं वाटतं."

साहेबांनी तिथूनच तहसीलला फोन लावला. निराधारच्या टेबलावरून उत्तर आलं की नाव चालू आहे, चारही महिन्यांचे पैसे इथून गेलेत. आणि हेच उत्तर आजीला पण मिळालेलं होतं, ती तिकडं जाऊन आली होती. तहसील म्हणायचं गेलेत, बँक म्हणायची आले नाहीत. खरं सांगायचं तर दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि हेच सगळ्यात भयंकर आहे. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे हो, पण आमच्या गावात एसटी येते सकाळी एकदा, तीही शाळा चालू असेल तर, म्हणजे तालुक्याला जायचं तर जीपनं. जाऊन येऊन शंभर रुपये, म्हणजे दोन दिवसांचा पगार फक्त "गेलेत" हे ऐकायला.

मला अंदाज आला होता. डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात पैसे, झाल्यापासून ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला मॅप झालंय तिथं जातात. आधार लिंक असणं म्हणजे खात्याला नुसता नंबर जोडलेला, आणि मॅप असणं म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्याकडं वळवलेले. लिंक पाच खात्यांना असू शकतं, मॅप एकालाच. मी मशीनमध्ये दुसऱ्या बँकेचं नाव निवडलं, बोट ठेवायला लावलं. मग तिसऱ्या. असं एकेक बँक करत गेलो, प्रत्येक वेळी तेच बोट, प्रत्येक वेळी दोन-तीनदा लाल. साहेब चहा हातात तसाच धरून बघत होते. आणि मग एका ठिकाणी पावती बाहेर आली, बॅलन्स 6000.

आठवडी बाजारात नातवानं आजीच्या नावावर सिमकार्ड घेतलं होतं तेव्हा दुकानदारानं बोट लावून घेतलं, त्यातच खातं उघडलं गेलेलं. आजीला माहिती नाही, नातवालाही माहिती नाही. पैसे तिचेच, तिच्याच नावावर, सुखरूप, आणि ती चार महिने बीपीची गोळी एक दिवसाआड खात होती. सरकारी दवाखान्यात गोळी फुकट आहे, पण दवाखाना पण तालुक्यालाच ना, परत तीच जीप. शेळी होती तीही विकली.

साहेब म्हणाले, "मग हे हिला कोणी सांगितलं कसं नाही?"

मी म्हटलं, साहेब, सांगायचं काम कुणाचंच नाही. तहसीलचं काम पैसे पाठवायचं, बँकेचं काम आलेले द्यायचं. मधल्या मधे कुठं गेले हे बघायचं टेबलच नाही कुठं.

त्यांनी पीएला लिहून घ्यायला सांगितलं. आजीनं सगळे काढले नाहीत, दोन हजार मागितले आणि म्हणाली बाकीचे राहू दे, परत कव्हा येतील कुणास ठाऊक.

तिच्यानंतर एक अण्णा आले, पाय गेलेला, कुबडीवर. त्यांच्या खात्यावर तीन महिन्यांचे साडेचार हजार एकदम पडले होते आदल्या दिवशी संध्याकाळी. साहेबांचा चेहरा जरा खुलला, म्हणाले हे बघ, मिळाले की नाही एकदम. अण्णांनी पैसे मोजले आणि समोरच्या किराणा दुकानात गेले. साहेब बघतच होते, दुकान रस्त्यापलीकडं, पाऊस कमी झाला होता. दुकानदारानं वही काढली, अण्णांचं पान उघडलं, रेघ मारली. अण्णा परत आले आणि पायरीवर बसले. साहेबांनी विचारलं किती राहिले? साडेसहाशे.

मला जे सांगायचंय ते हेच आहे, आणि त्या दिवशी मी ते साहेबांना बऱ्यापैकी स्पष्ट सांगितलं. पुढाऱ्यांना रकमेचं कळतं. सहाशेचे हजार, हजारचे पंधराशे, हे त्यांना तोंडपाठ असतं, कारण भाषणात तेच लागतं. तारखेचं कळत नाही. पगार महिन्याला आला तर पंधराशे रुपये असतो. तीन महिन्यांनी आला तर तो साडेचार हजार नसतो, ती तीन महिन्यांची उधारी असते. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार भाव करू देत नाही, जे देईल ते घ्यावं लागतं, तेल सुटं, साखर पावशेर, आणि सुटं घेतलेलं नेहमी महाग पडतं. आणि सणाच्या तोंडावर तीन महिन्यांचे एकदम टाकले की बॅनर लागतात, सणासाठी भेट. भेट कसली, थकलेला पगार तो.

साहेब म्हणाले तारीख ठरलेली नाही का? मी खरंच त्यांच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं निवडून येतायत, निराधार समितीवर माणसं त्यांच्या शिफारशीनं बसतात, आणि पगाराला तारीख नाही हे त्यांना माझ्या गाळ्यात कळलं. मला राग नाही आला त्यांचा, वाईट वाटलं. कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार, त्यांच्याकडं जाणारा प्रत्येक जण नाव बसवा म्हणायला जातो, ज्याचं नाव बसलंय तो परत जात नाही.

आणि हे एकट्या आमच्या साहेबांचं नाही. 2011 ला नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात लिहून दिलं होतं की शहरात रोज 32 आणि खेड्यात 26 रुपये खर्च करू शकणारा गरीब धरायचा नाही. 2013 ला काँग्रेसचे नेते राज बब्बर म्हणाले होते मुंबईत 12 रुपयांत पोटभर जेवण मिळतं, त्यांच्याच पक्षाचे रशीद मसूद म्हणाले होते दिल्लीत 5 रुपयांत. लोक चिडले तेव्हा. पण मला वाटतं त्यात खोटं बोलायचा हेतू नसेलही, ज्यानं वीस-पंचवीस वर्षांत स्वतःच्या पैशानं किराणा आणला नाही त्याला आकडा कुठून कळणार. केंद्राकडून ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्या माणसाला पेन्शनचे जे 200 रुपये येतात ते 2007 पासून 200 च आहेत, बाकीचे राज्य घालतं. इतक्या वर्षांत गॅसचं, तेलाचं, एसटीचं काय झालं ते आपल्याला माहितीय.

उत्पन्नाच्या अटीचं तर काय बोलायचं. निराधारला वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत पाहिजे. 2025-26 ला रोजगार हमीची मजुरी 312 रुपये रोज होती. म्हणजे एखाद्या विधवा बाईनं 68 दिवस सरकारच्याच कामावर माती उचलली तर सरकारच्याच हिशोबानं ती निराधार राहत नाही. लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख. त्या बायकांना मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्याच गाळ्यात त्या पैशानं पोरींची फी भरलेली मी बघितलीय. पण दोन्हीकडं महिन्याला पंधराशेच, आणि जिला कुणीच नाही तिलाच 21 हजारांची अट, हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या कुणी एकदा तरी त्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात बसून बघितलंय का? तलाठी पण काय करणार, तो 20 हजार लिहून देतो, कारण खरं लिहिलं तर बाईचा अर्ज बाद होतो. सगळ्यांना माहितीय आणि सगळे सही करतात. उद्या कुणाशी वाकडं आलं की त्याच दाखल्यावरून तक्रार होते आणि पगार बंद. ही भीती त्या माणसांच्या मनात कायम असते, म्हणून ती कुणापुढंच जोरात बोलत नाहीत. टाळ्या वाजवतात.

हे सगळं एका दमात नाही बोललो मी, तुकड्या-तुकड्यानं, मधे माणसं येत होती. एका मावशीचं हयातीच्या दाखल्यासाठी बंद पडलेलं, एकाचा पासबुकातला आणि आधारवरचा "बाई" आणि "बाय" जुळत नव्हता. साहेबांनी ऐकून घेतलं. जाताना अण्णांच्या हातात पाचशेची नोट ठेवली, कुणीतरी फोटो काढला. अण्णांनी घेतली, का घेऊ नये, उद्याचं तेल-मीठ होतं ते. पण मी साहेबांना गाडीपाशी जाऊन म्हटलं, साहेब ही नोट एकाला झाली, महिन्याची 5 तारीख सगळ्यांना होईल, तेवढं सभागृहात विचारा.

विचारलं की नाही माहिती नाही. तालुक्याच्या बैठकीत मात्र त्यांनी विषय काढला असं कानावर आलं, आणि उत्तर मिळालं की निधी वरून आला की लगेच पाठवतो. तेही खरंच असेल. आजीचं मॅपिंग गावाच्या खात्यावर परत आणायला तालुक्याच्या बँकेत दोन चकरा झाल्या, पण झालं एकदाचं. तारीख अजून ठरलेली नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचा पगार अडकला असेल तर एवढं करा. आधार लिंक आहे का असं विचारू नका, बँकवाले हो म्हणतील आणि विषय संपेल. मॅपिंग कुठल्या बँकेला आहे ते विचारा. आधारच्या वेबसाइटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे मॅपिंग कुठं आहे ते, दिसतं, पण त्याला मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो, तो बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा नसतो, मग जवळच्या बँकमित्राकडं घेऊन जा आणि दुसऱ्या बँकांचं नाव टाकून बॅलन्स बघायला सांगा, कंटाळा केला तर तिथंच बसून राहा. अंगठा लागला नाही तर बाकीची नऊ बोटं बघायला लावा.