मटणाच्या ताटातल्या चार ऊती

नववीच्या विज्ञानात ऊतींचा, म्हणजे एकच काम मिळून करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, धडा असतो. अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता. बहुतेकांनी तो पाठ केला, पेपरात लिहिला आणि विसरले. माझं म्हणणं असं की तो धडा खरं तर रविवारी मटणाच्या दुकानात शिकवायला पाहिजे, कारण बोकड काय नि आपण काय, माल तोच आहे.

आणि हे मी उगाच नाही म्हणत. झाविए बिशा म्हणून एक फ्रेंच डॉक्टर होऊन गेला, जन्म १७७१, गेला १८०२ मध्ये म्हणजे जेमतेम तिशीत, पण तेवढ्यात त्याने शरीराचे अवयव कुठल्या ऊतींचे बनलेत याचे २१ प्रकार मांडून ठेवले आणि तेही मायक्रोस्कोप न वापरता! त्याचा त्या यंत्रावर विश्वासच नव्हता. मग करायचा काय, तर तुकडे कापायचे, उकळायचे, वाळवायचे, आम्लात टाकायचे आणि कोण कसं वागतं ते बघायचं. उकळून बघणं आपल्याही घरी चालतंच की, फक्त आपण त्यात मसाला घालतो. त्या २१ चे आता ढोबळ चार गट झालेत.

शिजलेली फोड बोटाने सोलली की लांब धागे सुटतात, ती स्नायू ऊती. हातापायाचे स्नायू आपल्या मर्जीने हलतात, आतड्याच्या भिंतीतले आपल्याला न विचारता काम करतात आणि हृदयाचे तर दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतात, सुट्टी नाही काही नाही.

पण खरा हिरो माझ्या मते संयोजी ऊती. कच्च्या मांडीवर जो चिवट पांढरा पापुद्रा असतो ना, ज्यावरून सुरी घसरते, तो म्हणजे ही. स्नायू हाडाला बांधणारे स्नायुरज्जू, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध (मुरगळल्यावर डॉक्टर लिगामेंट म्हणतात तेच), कानाची कास्थी (वाकणारं मऊ हाड, कूर्चा म्हणतात ते), चरबी, हाडं आणि चक्क रक्तसुद्धा याच गटात! रक्त यात कसं हा प्रश्न मलाही पडायचा, पण या गटाची खूण अशी की पेशी सुट्या सुट्या आणि त्यांच्यामध्ये भरपूर दुसरा माल. हाडात तो माल कडक, रक्तात पातळ, एवढाच फरक.

यातली मेन गोष्ट म्हणजे कोलॅजेन. तीन साखळ्यांचा घट्ट पीळ असलेलं प्रोटीन, पाण्यात बराच वेळ मंद शिजवलं की पीळ सुटतो आणि जिलेटिन होतं. विश्वास नसेल तर उरलेलं अळणी (मटण शिजवलेलं पाणी) रात्री फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर पांढरा घट्ट थर येतो ती चरबी, तो चमच्याने बाजूला केला की खाली थरथरणारी जेली दिसते, ते कालपर्यंत बोकडाला बांधून ठेवणारं सामान. आता पाया सूप प्यायलं की गुडघ्याची झीज भरून येते असं प्रत्येक घरात एक मावशी तरी सांगतेच, पण पोटात गेल्यावर त्याचे तुकडे तुकडे होतात, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही हो. कास्थीत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती झिजली की भरून यायला इतकी नखरे करते. शरीर आपलं कोलॅजेन स्वतः बनवतं आणि त्याला व्हिटॅमिन सी लागतं, ते मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त, जखमा भरत नाहीत, स्कर्व्ही म्हणतात तो हाच आजार. सूप प्या, मस्त लागतं, पण वर लिंबू पिळा.

भेजा मात्र दोन मिनिटांत शिजतो, का? कारण चेता ऊतीत, म्हणजे मेंदू आणि नसांच्या ऊतीत, कोलॅजेन फारच कमी, चरबीयुक्त पदार्थ भरपूर. या पेशी दिसायलाही विचित्र, कमरेच्या मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकाच पेशीचा तंतू जवळपास एक मीटर भरतो.

राहिली अभिस्तर. वजडी (बोकडाचं पोट) साफ करताना आतून बारीक बारीक काटे हाताला लागतात, तो अस्तराचा भाग. आपल्या लहान आतड्यात हे अस्तर एका पेशीइतकंच जाड असतं, त्यातून अन्न शोषलं जातं आणि ते दर तीन ते पाच दिवसांनी नवीन होतं, बिचारं झिजतंच तेवढं.

व्हेजवाल्यांनी नाराज होऊ नका, तुमच्यासाठी पण आहे. चूळ भरून गालाच्या आतून टूथपिकचं बोथट टोक हळूच फिरवा, काचपट्टीवर लावा, मिथिलिन ब्लूचा एक थेंब टाका आणि शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली बघा. चपट्या, कडा दुमडलेल्या, मध्ये निळा ठिपका असलेल्या पेशी दिसतील, ती तुमची स्वतःची पट्टकी अभिस्तर.