ल्योंच्या नगरभवनावरचा घोडेस्वार

सोन आणि रोन या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, मेट्रो स्थानकातून वर आले की लगेच फ्रान्समधल्या ल्यों शहराचे नगरभवन, म्हणजे ओतेल द व्हिल, लागते. त्याचे तोंड पश्चिमेला प्लास दे तेरो या चौकाकडे असल्याने दर्शनी भाग नीट पाहायचा तर दुपार टळल्यावरच जावे.

शहराचा अधिकारी असलेल्या सिमों मोपँ याच्या आराखड्यानुसार 1646 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम 1672 मध्ये पुरे झाले आणि अवघ्या दोन वर्षांत आगीने त्याची मोठी हानी केली. आजचा दर्शनी भाग व्हर्सायच्या राजवाड्यावर काम केलेल्या वास्तुकार जूल आर्दुअँ-माँसार याने 1701 ते 1703 दरम्यान नव्याने घडवला. माझी नजर मात्र मधल्या सज्जाच्या वर कोरलेल्या घोडेस्वारावर खिळली. तिथे मुळात चौदावा लुई होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याला उतरवण्यात आले आणि राजेशाही परतल्यावर त्या जागी चौथा आँरी बसवला गेला. राजा बदलला, घोडा मात्र राहिलाच!

एरवी इथे महापौरांचे कार्यालय असल्याने आत सहजासहजी प्रवेश मिळत नाही. मी सप्टेंबरातल्या वारसा दिनांच्या गर्दीत शिरलो. मुख्य जिन्यावर तोमा ब्लांशे याने प्राचीन लुग्दुनुम, म्हणजेच रोमन काळातले ल्यों, जळतानाचे चित्र रंगवले आहे. मोठ्या दालनातले त्याचेच रंगकाम 1674 च्या आगीत गेले आणि आगीचे चित्र तेवढे पाहायला उरले, हा योगायोग मला विलक्षण वाटला. आतली दोन अंगणे वेगवेगळ्या पातळ्यांवर आहेत, त्यामुळे इमारतीची खोली बाहेरून मुळीच कळत नाही.

4 सप्टेंबर 1870 रोजी पॅरिसच्या काही तास आधी प्रजासत्ताकाची घोषणा याच इमारतीतून झाली आणि पुढच्या मार्चपर्यंत तिच्यावर लाल झेंडा फडकत होता. दारावरचा आँरी तेव्हाही तिथेच होता.

चौकातले शिल्पकार बार्तोल्दीचे कारंजे मुळात बोर्दोसाठी योजलेले होते. 1892 मध्ये ते इथे उभे राहिले, तेव्हा त्याचे घोडे नगरभवनाच्या समोर होते. 1994 च्या पुनर्रचनेत ते उत्तरेच्या बाजूला सरकवले गेले. माझ्या मते ती जुनी समोरासमोरची मांडणीच अधिक शोभून दिसली असती.