नाक बारीक करून मिळणार नाही

जून महिना म्हणजे आमच्या चोपड्यात स्टुडिओवाल्याची दिवाळी. अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे अर्ज, सगळीकडे पासपोर्ट फोटो. पूर्वी पोरं म्हणायची, जरा गोरं करा. आता आठवी-नववीची पोरं काउंटरवर वाकून हळूच म्हणतात, "काका, मनं नाक बारीक करी द्या ना."

फोटोशॉपवर ते मिनिटाभराचं काम. लग्नाच्या अल्बमात मोठ्या माणसांचं करतो, पैसेही घेतो. चौदा वर्षांच्या पोराचं करत नाही. फॉर्मवरचा चेहरा परीक्षेच्या दारात जुळला पाहिजे, असं सांगून वेळ मारून नेतो.

या पोरांनी आपलं नाक पाहिलेलं असतं ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात, हातभर अंतरावरून. इतक्या जवळून नाक लेन्सच्या पुढ्यात येतं आणि कान मागे पडतात, त्यामुळे नाक फुगलेलं दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरच्या सेल्फीत नाक साधारण 30 टक्के जास्त रुंद दिसतं. आम्हा फोटोग्राफरांना हे रोजच्या कामातून ठाऊक आहे, म्हणून तर पोर्ट्रेट काढताना आम्ही मागे सरकतो. हट्ट करणाऱ्या पोराला मी खुर्चीवर बसवतो. एक फोटो त्याच्याच मोबाइलवर जवळून, दुसरा माझ्या कॅमेऱ्यावर, मी मागे सरकून भिंतीला पाठ टेकवून, झूम करून. दोन्ही स्क्रीनवर शेजारी लावले की पोरगं आधी माझ्याकडेच संशयाने बघतं.

दुसरी गोष्ट वयाची. वयात येताना नाक आधी वाढतं, जबडा आणि हनुवटी मागून येतात. मधली दोन-चार वर्षं चेहऱ्यावर नाकच नाक. माझ्याकडे आठवीचे आणि बारावीचे फोटो एकाच फोल्डरमध्ये पडलेले आहेत, त्यात हे सरळ दिसतं. सर्जनसुद्धा निव्वळ दिसण्यासाठीचं ऑपरेशन मुलींचं साधारण पंधरा-सोळाच्या आधी आणि मुलांचं सतरा-अठराच्या आधी सहसा करत नाहीत.

परवा एक मुलगी आईबरोबर आली, स्कार्फ गुंडाळून. खानदेशात उन्हाळ्यात पोरींनी स्कार्फ बांधलाय याचं कुणाला काय वाटणार? पंचेचाळीस डिग्रीत मीही उपरणं बांधतो. पण ही एसीतही सोडेना. आई म्हणाली, "घरातबी बांधस. शाळेतली पोरं भजं म्हणतात ना तिला." मग लगेच, "मालिशवाल्या बाईनं बारशापर्यंत नाक ओढलंच नाही, नाहीतर चाफेकळी झालं असतं. उद्या स्थळं बघताना..." पोरीच्या तोंडावर! मी म्हटलं, "ताई, तेल लावून ओढल्यानं नाक घडत असतं तर गल्लीत एकही नकटं उरलं नसतं." पोरीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ होते. ऑनलाइन मागवलेला प्लास्टिकचा चिमटा, रात्रभर लावून झोपायचा. कूर्चा, म्हणजे नाकातलं मऊ हाड, चिमट्यानं बारीक होत नाही, कातडी मात्र सोलते. तो लावणं बंद करायला सांगितलं. आईला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की पोरगी महिनोन्महिने तोंड लपवून बसत असेल, शाळा टाळत असेल, तर सर्जनच्या आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. तिला ते फारसं आवडलं नाही.

नाकाचं ऑपरेशन खोटं आहे असं मी म्हणत नाही. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं, आणि पुढे कार्प्यू नावाच्या इंग्रज डॉक्टरनं ती रीत उचलली. आमच्याकडेही अडावदकडचा एक मुलगा येतो, क्रिकेटचा बॉल लागून नाकाचं हाड वाकडं झालेला. एका नाकपुडीनं श्वास येत नाही, झोपेत तोंड उघडं. त्याच्या वडिलांना मीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

स्कार्फवालीचा फोटो शेवटी दूरून काढला. आई म्हणाली, निदान ती पिंपल तरी काढा. ती काढली. आपोआप जाणारी गोष्ट काढायला माझी हरकत नसते. आठ कॉप्यांचे साठ रुपये झाले, त्यावरही घासाघीस करून पन्नासच दिले.