रिओचं पान आणि मिठाचं पाणी

‘पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत) आणि पेशीपटल (तिच्या आतला पातळ पडदा) यांतील फरक लिहा’ असा प्रश्न आला की अकरावीची मुलं पानावर मधोमध रेघ मारतात आणि दोन रकाने भरून मोकळी होतात. एकीकडे सेल्युलोज, दुसरीकडे मेद आणि प्रथिनं. एकीकडे ताठ, दुसरीकडे लवचीक. गुण पूर्ण मिळतात. तरी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मला त्या तक्त्याची कायम धास्ती वाटते. वनस्पतींना भित्तिका आणि प्राण्यांना तिच्याऐवजी पटल, असा समज त्यातूनच पक्का होतो. पटल प्रत्येक जिवंत पेशीला असतंच. वनस्पती, बुरशी आणि बहुतेक जिवाणू त्याच्या बाहेरून भित्तिका रचतात. वनस्पतींत तर भित्तिकेतले सेल्युलोजचे धागे तयार करणारी विकरं (एन्झाइम) पटलातच बसलेली असतात.

म्हणून मी आधी तक्ता देत नाही, रिओच्या पानाचा प्रयोग देते. खालून जांभळं असणारं हे पान कुंडीत सहज वाढतं. त्याची जांभळी साल अलगद सोलायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या षटकोनी पेशी दिसतात. मग पाणी टिपकागदाने ओढून घ्यायचं आणि मिठाचं दाट द्रावण सोडायचं. थोड्याच वेळात जांभळा भाग आक्रसू लागतो, कडांपासून सुटतो आणि पेशीच्या मध्यात गोळा होतो. बाहेरची षटकोनी चौकट मात्र होती तशीच राहते.

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, चौकट आणि गोळा यांच्या मधल्या जागेत काय आहे? ‘हवा’, ‘पोकळी’, अशी उत्तरं येतात. तिथे मिठाचं पाणी आहे! भित्तिकेने मिठाला अडवलंच नाही, ते सरळ आत आलं. अडवलं ते जांभळ्या गोळ्याभोवतीच्या पटलाने. मीठ बाहेर थोपवून त्याने पाणी तेवढं जाऊ दिलं. आता पुन्हा साधं पाणी सोडलं तर पेशी फुगते, पण फुटत नाही, कारण भित्तिका तिला आवरून धरते. आपल्या तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुटतात, म्हणून सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असतं. साल आधी उकळून घेतली तर रंग बाहेर गळतो आणि आक्रसणं वगैरे काही होत नाही. पटल मेलं, चौकट उभीच.

रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिल्या त्याही अशाच रिकाम्या चौकटी, मेलेल्या पेशींच्या भित्तिका. पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं. आमच्या प्रयोगशाळेतही ते दिसत नाही, दिसते ती जांभळ्या रंगाची कड.

हा फरक खरा कळायला हवा, कारण औषधं त्यावर चालतात. पेनिसिलिन जिवाणूंची भित्तिका जोडू देत नाही. वाढत्या जिवाणूची भित्तिका कच्ची राहते आणि आत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाने तो फुटतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे ॲलर्जी नसेल तर हे औषध माणसाला बरंच सोसतं. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिका नसते, तिथे पेनिसिलिन निरुपयोगी.

आता २०२१ आठवा. कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, गाठलं आणि महाराष्ट्रभर नातेवाईक ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी वणवण फिरले. हे औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदाला चिकटतं आणि पटलाला गळती लावतं. आपल्या पटलात त्याच्यासारखंच कोलेस्टेरॉल असतं. म्हणून त्याचा काही मार आपल्याही पेशींवर बसतो, विशेषतः मूत्रपिंडावर. उपचार चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासतात ते यासाठी.

‘मॅडम, मग बुरशीच्याही भित्तिकेवरच मारा का करत नाहीत?’ असं एका मुलीने विचारलं, तेव्हा मला फार आनंद झाला. करतात. कॅन्डिडा या बुरशीवर तशी औषधं चांगली चालतात, कारण ती तिच्या भित्तिकेतला ग्लुकॅन हा घटक बनू देत नाहीत. म्युकरमायकोसिसच्या बुरशीच्या, म्हणजे म्युकरच्या, भित्तिकेचा भर मात्र कायटिन आणि कायटोसान या वेगळ्या घटकांवर असतो. तिथे ती औषधं एकटी पुरी पडत नाहीत, आणि डॉक्टरांना पटलाकडेच वळावं लागतं.