माझं मी

"राहू दे. लावतो मी."

बाबांनी माझा हात बाजूला केला. डॉक्टरांची वेळ झाली होती, खाली रिक्षा उभी होती आणि त्यांच्या शर्टाचं तिसरं बटण काही केल्या लागत नव्हतं. मी न विचारताच पुढे झाले होते.

बाबा ७९ वर्षांचे. बोटं थरथरतात. बटण काजाच्या तोंडाशी यायचं, निम्मं आत जायचं आणि निसटायचं. पुन्हा तेच.

माझी अडीच वर्षांची लेक रोज चपलेचा पट्टा लावताना "माझं मी!" म्हणून ओरडते. चपला उलट्या घातलेल्या असतात, तरी मी थांबते. कौतुकानं थांबते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननं १९५० मध्ये माणसाच्या मनाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. दुसरा या वयाचा, साधारण दीड ते तीन वर्षं. स्वतःचं स्वतः करू दिलं तर स्वायत्तता येते. सतत हातातून काढून घेतलं तर लाज आणि स्वतःबद्दल शंका. हे बी.एड.ला पाठच केलं होतं. पण त्याची पत्नी जोन हिनं स्वतः नव्वदी ओलांडल्यावर नववा टप्पा लिहिला, तो मी पुष्कळ उशिरा वाचला. अतिवृद्धपणी जुने झगडे परत येतात, असं ती म्हणते. शरीर ऐकेनासं होतं आणि तीच लाज, तीच शंका पुन्हा दारात.

आज बाबांच्या चेहऱ्यावर ती दिसली. माझ्याच हातानं आणलेली.

रिक्षावाल्याला खिडकीतून "थांबा हो दादा" म्हटलं आणि बाबांसमोर बसून राहिले. तिसरं लागलं. मग चौथं.

तुमच्या घरी म्हाताऱ्या माणसांसाठी कोण थांबतं?